जावयानं धावायचं नसतं

तीन वर्षांपूर्वी मी फार अल्लड होते. वयच तसं, सहासष्ट. डोकं तापट, आवाज खणखणीत, आणि आपण ठणकावून सांगितलं की जग सुधारतं असा ठाम समज. आता ती बाई आठवली की तिला जवळ बसवून दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पण ती ऐकणारी नव्हती. डॉक्टरचंही ऐकत नव्हती.

डॉक्टरनं साखर वाढली म्हणून अमरावतीतल्या आमच्या घराजवळच्या मैदानाला रोज पाच फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. मी दोन मारायची, घरी सात सांगायची, आणि उरलेला वेळ सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून काढायची. पावसाळ्यात त्या मैदानावर फुटबॉलची स्पर्धा लागली. खेळाडू आले, माणसं आली, शिट्ट्या झाल्या. मी काही उठले नाही. अशा रीतीनं मी अमरावतीच्या संघाची चाहती झाले. चालायचा कंटाळा, हेच माझ्या फुटबॉलप्रेमाचं मूळ.

पहिल्याच सामन्यात मी कीर्ती मिळवली. आमची ती काळी माती. अर्ध्या तासात दोन्ही संघांचे सदरे एकाच रंगाचे झाले. मग मी रंग सोडला आणि दिशा धरली. आपले लोक मोबाइलच्या टॉवरकडं जातात, समोरचे पाण्याच्या टाकीकडं. मध्ये सगळे थोडा वेळ थांबले, पाणी प्याले, पुन्हा खेळायला लागले. मी पुन्हा टॉवर धरला. टॉवरकडं तीन गोल झाले. तिन्ही वेळा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, तिसऱ्या वेळी तर पिशवी हवेत फिरवली.

शेजारी एक टेलर मास्तर बसायचे. जुन्या काळी स्वतः खेळलेले, आता गुडघ्यांनी बसवलेले. ते हळूच म्हणाले, "बाई, आप किसके तरफ से हैं?"

"अमरावतीकडून!"

"तो फिर बैठ जाओ. आधे टाइम के बाद बाजू बदलती है."

मी बसले. पण लाज वाटायचं ते वय नव्हतं. पुढच्या सामन्याला मी अर्धा तास आधी जाऊन जागा धरली.

आमच्या संघाला मालक होते. कापसाचं जिनिंग, दोन मंगल कार्यालयं आणि चौकाचौकात फलक. फलकावर खेळाडूंचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि मालकांचा दाराएवढा. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खेळाडूंना बूट दिले, सदरे दिले, नागपूरहून एक प्रशिक्षकही आणला. फक्त गोलमध्ये आपला जावई उभा केला.

जावई मूळचा अकोल्याचा, नोकरीनं अमरावतीत, बँकेत. अंगानं भरलेला, स्वभावानं गरीब. लग्नाच्या बायोडाटात त्यानं लिहिलं होतं, 'छंद: फुटबॉल'. त्याचा अर्थ इतकाच की चार वर्षांतून एकदा तो टीव्हीवर विश्वचषक बघायचा. आपल्याकडं बायोडाटातला छंदाचा रकाना रिकामा सोडत नाहीत. कुणी वाचन लिहितं, कुणी पर्यटन. त्यांना कुणी पुस्तकाचं पान वाचून दाखवायला लावत नाही. याच्या नशिबी मात्र सासऱ्यांनी संघ घेतला, आणि सासऱ्यांना बायोडाटा पाठ होता.

आता जावयाला संघात घ्यायचं तर कुठं? पुढं ठेवला तर धावावं लागतं, मागं ठेवला तरी धावावं लागतं. घरच्या जावयाला चारचौघांत धावायला लावणं बरं दिसतं का? अकरा जणांत एकच माणूस असा, जो आपल्या जागी उभा राहतो आणि बाकीचे त्याच्याकडं येतात. मालकांच्या हिशेबी तो मानाचा पाट होता. पहिल्या सामन्याला सासूबाईंनी गोलच्या खांबाशी खुर्ची, छत्री आणि चहाचा थर्मास पाठवला. पंचांनी खुर्ची आणि छत्री उचलायला लावली. थर्मास राहिला.

आणि मग गोल व्हायचे. चार, पाच, एकदा सहा. खरा गोलकीपर, तिशीतला एक वेल्डर, हातमोजे घालून रेषेबाहेर बसलेला असायचा. पायऱ्यांवर रोज मालकांचा उद्धार चाले. टेलर मास्तर म्हणायचे, "वो गोलकीपर नहीं है बाई, मेजबान है. बॉल आयी तो बोलता है, आओ, अंदर बैठो."

माझी पद्धत वेगळी होती. मी ओरडायची. "जवाईबापू, हात हायत का घरी ठेवून आले?" पायऱ्या हसायच्या आणि मला चेव यायचा. "गोल घेऊन राहिले का आहेर घेऊन राहिले वो?" त्या वेळी मला वाटायचं, मी लोकांचा आवाज आहे.

तिसऱ्या पराभवानंतर आम्ही मालकांकडं शिष्टमंडळ नेलं. मी तहसील कचेरीत बत्तीस वर्षं काढलेली, तेव्हा निवेदन माझ्याकडंच आलं. मी चार पानं लिहिली. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, गोलरक्षक या पदावरील व्यक्ती गोलाचे रक्षण करीत नसल्याचे निदर्शनास आले आहे.' आज ते वाक्य आठवलं की मी एकटी असले तरी तोंडावर पदर घेते.

आम्ही नऊ जण बंगल्यावर गेलो. चपला काढेपर्यंत गिलावड्याची ताटं आली. गरम वडे, वर दही, वर चिंचेचं पाणी. मालक स्वतः वाढत होते. "घ्या ना बापा, अजून एक घ्या. तुमी आपले लोक." आपल्या भागात माणसाचं खाऊन त्याच्याच तोंडावर त्याच्या जावयाला कोण नावं ठेवील? टेलर मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, मी दह्याकडं पाहिलं. शेवटी मी उभी राहिले आणि लोकांचा आवाज म्हणून बोलले, "संघाचे सदरे फार छान आहेत."

निवेदन पिशवीतच राहिलं. त्यावर दही सांडलं.

शेवटचा सामना अकोल्याशी, अकोल्यालाच होता. कुणाशीही हरलो तर चालून जातं, अकोल्याशी हरलो की वर्षभर पाहुण्यांकडं जायची सोय राहत नाही. माझं तर माहेरच अकोल्याचं, माझा भाऊ फोनवर नुसता "किती?" एवढंच विचारायचा आणि हसायचा. त्यामुळं अकोल्याच्या आधी तो जावई गोलमधून निघाला पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्या दिवसांत माझ्या डोक्यात होती.

त्यात आमच्या भजनी मंडळात मालकांच्या पत्नी. चांगली बाई, गाताना सुरात थोडी खाली उतरणारी. एका गुरुवारी त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ताई, मैदानावर एक म्हातारी येते म्हणते. माह्या जवायाले वाट्टेल तसं बोलते. थो बिचारा जेवत नाई घरी येऊन."

"असतात बाई एकेक," मी म्हटलं. "तिले घरी कोणी विचारत नसन."

म्हातारी हा शब्द मला फार लागला. जावई जेवत नाही, हे तेवढं लागलं नाही. तशी होते मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी दुसरी आणि शेवटची फेरी मारत होते, तर समोर साक्षात जावई. मी पदर सारखा केला आणि रस्ता बदलला. तोही वळला.

"मावशी, तुमीच ओरडता ना?"

"कोण म्हणते?"

"आवाज ओळखतो ना मी. आधी तुमचा आवाज येते, मंग बॉल येते."

मी भांडायच्या तयारीनं कमरेवर हात ठेवला. पण तो रागावलेला नव्हताच. तो खाली बघून म्हणाला, "मावशी, मले काढा हो तिथून."

"काय?"

"तुमी एवढ्या ओरडता, निवेदनं लिहिता म्हणते. मले वाटलं, ह्या बाईच्यानं होईन. पुढच्या रविवारी अकोल्याले सामना हाय. माहे दोन भाऊ येऊन राहिले, शाळेतले सर येऊन राहिले. बाबानं तं साऱ्या गल्लीले सांगून ठेवलं, का आपला पोट्टा अमरावतीचा गोलकीपर हाय. तिथं सहा गोल खाल्ले तं मी माह्याच घरी कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मंग सासऱ्यांना नाही म्हणा ना."

"थे म्हणतील, मान दिला तं लाथाडला. अंग दुखते म्हणून पाहिलं, तं सासूबाईनं हळदीचं दूध पाठवलं अन् हातमोज्यात कापूस भरून देला."

मी पायरीवर बसले. अमरावतीत या माणसाला गोलमधून काढायला निघालेले पाचशे तरी असतील. त्यातला सगळ्यात उतावीळ माणूस गोलमध्येच उभा होता. आणि मी महिनाभर त्याच्यावर घसा फोडत होते. कबूल करते, थोडं वाईट वाटलं. थोडंच. बाकीचा वेळ डोकं युक्तीत गुंतलं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना, आणि त्यात जावयाचा मान देवाएवढा. त्याला जेवायला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण द्यायचं. पुढच्या शुक्रवारी बंगल्यावर हा कार्यक्रम होता. भजनी मंडळालाही जेवण होतं. निवेदन मालकांपर्यंत पोचत नव्हतं, पराभव त्यांना हलवू शकत नव्हता. पण भरल्या पाटावर रुसलेला जावई? त्याच्यापुढं कुणाचं काय चालतं?

"तुम्ही लग्नात रुसला होता का?" मी विचारलं.

"नाई. सारं चांगलंच होतं."

"कशासाठीच नाही?"

"सासरे म्हणे, घड्याळ आवडलं का? मी म्हटलं, हो."

वऱ्हाडातला मुलगा आणि लग्नात रुसला नाही! आमचे हे आमच्या लग्नात दीड तास मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. वडिलांनी रेडिओ आणून हातात दिला तेव्हा पंगत बसली. मी म्हटलं, "संध्याकाळी घरी या. शिकवते."

चार संध्याकाळी शिकवणी झाली. मी शिऱ्याची बशी पुढं ठेवायची, त्यानं ती सारायची. पहिल्या दिवशी त्यानं शिरा खाल्ला. "मावशी, थंडा होऊन राहिला ना." दुसऱ्या दिवशी बशी सारली, पण वर म्हणाला, "राहू द्या, तुमाले त्रास." मी कपाळाला हात लावला. मग त्याला नियम घालून दिले. ताटाकडं बघायचं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचं. पहिल्यांदा विचारलं तर गप्प. दुसऱ्यांदा विचारलं तर गप्प, आणि एक उसासा. तिसऱ्यांदा विचारलं की एकच वाक्य. वाक्याच्या शेवटी 'प्लीज' नाही.

चौथ्या दिवशी तो असा रुसला की मलाच गहिवरून आलं आणि मी म्हणून गेले, "बापू, काय पायजे तुम्हाले, सांगा तरी!" चारही दिवसांचा शिरा मी संपवला. डॉक्टरला हे ठाऊक नाही.

शुक्रवारी मी बंगल्यावर पंगतीत अशी जागा धरली की जावई समोर दिसावा. पाट, रांगोळी, चांदीचं ताट. सासूबाईंनी धोंडे वाढले, वर तुपाची धार सोडली. त्यानं ताटाकडं पाहिलं. मी समोरून खाकरले. धोंडे खरंच सुरेख झाले होते. मग त्यानं मान उचलली, कॅलेंडर शोधलं आणि ताट चार बोटं पुढं सारलं.

पंगत जेवायची थांबली.

"काय झालं जवाईबापू?" सासूबाई म्हणाल्या.

गप्प.

"काही कमी झालं का आमचं? अंगठी बसत नाई का बोटात?"

गप्प. आणि उसासा. मी शिकवला होता त्यापेक्षा लांब.

मालक आतून धावत आले. जावयानं धावायचं नसतं, सासऱ्याला चालतं. हात जोडून म्हणाले, "बापू, मोटारसायकल जुनी झाली का? गाडी घेऊ आपण. तुमी नुसतं बोला."

"मले गोलमध्ये उभं राहायचं नाई."

मी जिंकले होते. टेलर मास्तरांना काय तोंड करून सांगायचं हेही ठरवत होते. मालकांनी जोडलेले हात खाली घेतले. चेहरा पडला होता. मग तो हळूहळू उजळू लागला, आणि मला पहिल्यांदा शंका आली.

"असं व्हय!" ते म्हणाले. "चुकलंच आमचं. एवढा खेळणारा माणूस अन् आमी त्याले मागं उभं करून ठेवलं. तुमाले गोल अडवायचे नाईत, मारायचे हायत! अवो, ऐकलं का? रविवारी जवाईबापू सगळ्यात पुढं!"

जावयानं माझ्याकडं पाहिलं. या प्रसंगासाठी मी नियम दिलेला नव्हता. त्यानं बिचाऱ्यानं ताट ओढलं आणि जेवायला लागला.

रविवारी आम्ही तीन गाड्या करून अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरला चहा प्यायलो तेव्हा मी टेलर मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी कप रिकामा करून खाली ठेवला. "चलो," म्हणाले, "दरवाजा तो बंद हुआ. खिडकी का बाद में देखेंगे."

दरवाजा खरंच बंद झाला. आमचा वेल्डर गोलमध्ये असा उभा राहिला की जणू गोल त्यानंच जोडून बसवला होता. डावीकडं पडला, उजवीकडं पडला, एकदा तर तोंडानं बॉल अडवला. आणि पलीकडच्या टोकाला जावई, अकोल्याच्या गोलसमोर, एकटा, शांत. धावायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यालाही सुचलं नाही. बॉल त्याच्याकडं आला की रेषेवरचा पंच ऑफसाइड म्हणून झेंडा वर करायचा. आठ वेळा केला. त्याचे वडील माझ्या पुढच्याच ओळीत होते. ते शेजाऱ्याला सांगत होते, "पाहा, माह्या पोट्ट्याले पाह्यलं का झेंडा दाखवते! बाकी कोणाले दाखवला का?"

अकोल्याचे खेळाडूही त्याच्याशी अदबीनं वागत. "दादा, जरा सरका ना," म्हणून मग बॉल घेऊन जात. गल्लीतली माणसं त्याच्या नावानं ओरडत होती. मी त्या दिवशी एकदाही ओरडले नाही. घसा खवखवत होता, पण नाही ओरडले.

सामना बरोबरीत सुटला. शून्य शून्य. पूर्ण हंगामात आम्ही गोल खाल्ला नाही असा तो एकच सामना, आणि आम्ही चषक मिळाल्यासारखे नाचलो. जावयाच्या भावांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, वजनामुळं जमलं नाही. तो माझ्याजवळ आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

"मावशी," तो म्हणाला, "पुढं मजा येते हो."

मी हसून त्याच्या पाठीवर थाप दिली. तीन वर्षांपूर्वीची ती बाई किती मूर्ख होती, याचा याहून मोठा पुरावा माझ्याकडं नाही. त्या वाक्याचा अर्थ तिला तेव्हा कळायला हवा होता.

तेव्हापासून आमचा संघ गोल खात नाही म्हटलं तरी चालेल. गोल करतही नाही. पुढं जावई उभा असतो. पायऱ्यांवर पुन्हा मालकांचा उद्धार सुरू आहे, टेलर मास्तर खिडकीची आठवण करून देतात, आणि यंदाच्या निवेदनाचा मसुदाही मीच केला, या वेळी एका पानात. मी तो गिलावड्याच्या आधीच मालकांच्या हातात दिला. एवढं शहाणपण आलं आहे.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. मालकांनी निवेदन वाचलं होतं. जेवणाच्या वेळी त्यांनी फार गोड शब्दांत विषय काढला. "बापू, यंदा तुमी बाहेर बसून पोट्ट्याइले मार्गदर्शन करा म्हणतो."

जावयानं ताट सारलं. चार बोटं. मान वर, नजर कॅलेंडरवर. मालकांनी पुन्हा विचारलं, त्यानं उसासा टाकला. सासूबाई रडकुंडीला येऊन तिसऱ्यांदा विचारायला गेल्या.

"मी पुढंच खेळन."

मालकांनी दोन्ही हात जोडले. विषय संपला. आणखी तीन वर्षं तरी तो कुणी काढणार नाही.

सासूबाई माझ्या ताटात अनारसा ठेवायला वाकल्या आणि कानाशी म्हणाल्या, "एवढा गरीब होता हो ताई. असं रुसाचं कोणं शिकवलं असन याले?"

मी घाईनं अख्खा अनारसा तोंडात कोंबला. भरल्या तोंडानं बोलू नये, असं मला लहानपणी नीट शिकवलेलं आहे.